घाटातली झोप

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, पण स्वतः गाडी चालवली फार थोडी. ऐकायला विचित्र वाटेल, पण ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तराचं नशीबच तसं. स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात आणि जीव मात्र आपला टांगणीला. शेजारच्या सीटवर त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच बसवलेला असतो, आणि त्या दोन पट्ट्यांवर त्याचं घर चालतं. मास्तरांचंही चालत होतं, आणि बऱ्यापैकी चालत होतं.

तो जादा ब्रेक दाबायची मास्तरांची स्वतःची पद्धत होती. नवशिका माणूस समोर सायकलवाला आला की गांगरायचा, त्याचा पाय नको तिथे जायचा, आणि तेवढ्यात मास्तरांचा पाय खाली जायचा. पण इतका अलगद, की गाडी आपणच थांबवली असं त्या माणसाला वाटावं. मग मास्तर काळ्या चष्म्याआडून सरळ समोर बघत म्हणायचे, "छान. वेळेवर थांबवलीत." हे वाक्य त्यांनी शिंप्यांना ऐकवलं, वकिलांना ऐकवलं, एका पहिलवानालाही ऐकवलं, आणि सगळे खूश होऊन घरी गेले. "ब्रेक दुसऱ्याने मारला हे माणसाला एकदा कळलं ना, की तो संपला," मास्तर बायकोला सांगायचे. "मग तो जन्मभर शेजारच्या सीटकडे बघत गाडी चालवतो." म्हणजे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच पुढे त्यांच्या हातून जे झालं, त्याला सबब सांगायला काही जागा उरत नाही.

त्यांचे नियम दोनच. पहिला, माझ्याकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं. दुसरा, मी गप्प असलो की समजायचं, बरोबर चाललंय.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. बाईंनी कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण पदवी चिकटली ती चिकटली. घराच्या पुढच्या खोलीत स्कूलचं टेबल होतं, त्यावर फोन, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता, आणि टेबलामागे बाई. कुणाला सकाळची वेळ, कुणाला दुपारची, कोण घाबरट, कोण आगाऊ, सगळं त्यांना तोंडपाठ. गाडी मात्र त्या सुरेख चालवायच्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मास्तरांनी त्यांना शिकवली होती, आणि इतक्या वर्षांत हिच्यासारखा पाय कुणाचा पाहिला नाही, असं मास्तर कबूल करायचे. बाईंच्या माघारी करायचे, ही गोष्ट वेगळी.

पण चालवायला मिळणार कधी? गाडी एक, आणि ती दिवसभर शिकाऊ लोकांच्या तावडीत. बाईंच्या वाट्याला यायची ती सुट्टीच्या दिवशीची सकाळ. भाजी आणायची, बहिणीकडे डोकावून यायचं, झालं. त्यातही टपावर ती पाटी. 'शिकाऊ' असं लाल अक्षरांत, दोन्ही बाजूंनी. बाई सिग्नलला उभ्या राहिल्या की मागचे लोक आधीच हॉर्न वाजवायला लागायचे, आणि शेजारून जाणारे काच खाली करून सल्ले द्यायचे. वर्षानुवर्षं त्या बाईने डोक्यावर शिकाऊ अशी पाटी घेऊन बिनचूक गाडी चालवली. त्यांची इच्छा एवढीच होती, की एकदा ती पाटी काढायची, लांबचा रस्ता धरायचा, आणि पाचवा गिअर टाकून घटकाभर त्याला हात लावायचा नाही. गल्लीबोळांत त्यांचा पाचवा गिअर कधी पडलाच नव्हता. ही इच्छा त्यांनी मास्तरांना अनेकदा बोलून दाखवली होती, आणि मास्तर दर वेळी "जाऊ की" म्हणून वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

शेवटी सुट्टी घडवून आणली ती मास्तरांच्या पायाने. तो पाय स्वस्थ राहीनासा झाला. जेवताना टेबलाखाली दाबला जायचा, दाढी करणाऱ्याच्या खुर्चीत दाबला जायचा, झोपेत तर बाईंना रोज दोन-चार लाथा ठरलेल्या. "बाबा, तुम्ही माणूस आहात की ब्रेक?" मुलगी फोनवर हसायची. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि लांबून हसणं तिला सोपं होतं. मास्तर मात्र चिडचिडे झाले होते. चहा गरम असला तरी चिडायचे, गार असला तरी चिडायचे.

आणि एक दिवस नको ते झालं. शिवणकाम करणारी एक बाई शिकत होती. मोकळा सरळ रस्ता, बेताचा वेग, सगळं व्यवस्थित. आणि काही कारण नसताना मास्तरांचा पाय खाली गेला. गाडी जागच्या जागी थांबली. मागून येणारी बस कशीबशी टेकायची राहिली. शिवणवाली बाई पांढरीफटक पडून म्हणाली, "माझंच चुकलं, मास्तर. काय झालं कळलंच नाही." मास्तरांनी तिला खरं सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "असू द्या, होतं असं." ती पुन्हा शिकायला आली नाही.

त्या दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मास्तरांनी हे बायकोला सांगितलं. बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आता सुट्टी घ्यायची," त्या म्हणाल्या. "घाटावर, तळ्याकाठी जाऊ. चांगले चार दिवस. आणि गाडी मी चालवणार. जाताना सगळी वाट मी. तुम्ही नुसतं बसायचं."

"घाटात सुद्धा?"

"घाटात सुद्धा. आणि ती पाटी आधी काढा."

मास्तरांनी पाटी काढली. स्क्रू गंजले होते, पण काढली. जादा ब्रेक मात्र काढता येण्यातला नव्हता. त्याला हात लावायचा म्हणजे गाडी गॅरेजमध्ये टाकायला हवी होती.

"त्याला पाय लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

"नाही लावणार."

"शपथ?"

"अगं, माणूस सुट्टीवर चाललाय. पायालाही सुट्टी."

सकाळी ते निघाले. गाव संपेपर्यंत मास्तरांनी तीनदा शपथ मोडली. दर वेळी बाई रस्त्यावरची नजर न हलवता नुसतं "पाय" म्हणायच्या, आणि मास्तर चोरी पकडल्यासारखे पाय मागे घ्यायचे. आपली कला जगाला कळत नाही आणि हिलाच कशी कळते, देव जाणे. पुढे मोठा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना मोकळं रान, मधून काळाभोर रस्ता सरळ गेलेला. बाईंनी पाचवा गिअर टाकला आणि लहान मुलीसारखा हात वर करून दाखवला. मग तो हात बराच वेळ मांडीवर तसाच निवांत पडून राहिला. रेडिओवर जुनी गाणी लागली होती. बाई त्यांच्याबरोबर गुणगुणत होत्या, थोड्या बेसूर, पण मनापासून. इतक्या वर्षांत आपण हिला गाताना ऐकलं नाही, असं मास्तरांना वाटून गेलं.

घाटाच्या पायथ्याशी त्यांनी चहा घेतला. बाईंनी आरसे नीट केले, सीट एक खाच पुढे घेतली आणि गाडी चढाला लावली. पहिल्या वळणाला मास्तरांचा पाय शिवशिवला. बाईंनी वळणाआधीच वेग कमी केला, गिअर उतरवला, वळण सुरेख घेतलं. दुसऱ्या वळणालाही तसंच. मास्तर गप्प होते, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर असं झालं, की मास्तरांच्या पोटरीतली ती कायमची गाठ सैल पडली. उन्हाची ऊब मांडीवर होती. गाणं चालू होतं. काळ्या चष्म्याआड मास्तरांचे डोळे मिटले, ते त्यांना कळलंही नाही.

त्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदा झोपले, आणि झोपले तेही भर घाटात. कुणी सांगितलं असतं तर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नसता. पुढे ती झोप त्यांना फार आठवायची. किती गाढ होती आणि किती हलकी करून गेली. पाय असून नसल्यासारखे झाले होते. सुट्टी सुट्टी म्हणतात ती हीच असावी, आणि ती त्यांना बायकोच्या हातून मिळाली होती.

जाग आली तेव्हा गाडी वर पोचली होती. समोर तळं चमकत होतं आणि बाई गेस्ट हाउसची पाटी शोधत होत्या. रेडिओ बंद होता. डोंगरात लागत नसणार, असं मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं आणि ताठ बसून घसा साफ केला, म्हणजे आपण मघापासून जागेच आहोत असं दिसावं. मास्तर आणि घाटात झोपतो? ही गोष्ट कुणाला कळण्यासारखी नव्हती. बाई तर रस्त्याकडेच बघत होत्या. तसं त्यांना शिकवलंच होतं.

गेस्ट हाउसमध्ये दुपारचं जेवण एकाच लांब टेबलावर असायचं. समोर एक दंतवैद्य आणि त्याची बायको बसली होती. दंतवैद्य गप्पिष्ट होता; मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे हे त्याने बसल्या बसल्या काढून घेतलं होतं. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांची तोंडं उघडी असूनही त्यांना बोलता येत नाही, त्याची भरपाई तो जेवणाच्या टेबलावर करत असावा.

"घाट कसा वाटला?" त्याने विचारलं. "आम्ही तर ड्रायव्हर घेऊन आलो. असल्या रस्त्याला मी हात लावत नाही बुवा."

"मी चालवली," बाई म्हणाल्या.

"घाटात?"

"सगळा घाट."

दंतवैद्याच्या बायकोने चमचा खाली ठेवला. "खरंच? भीती नाही वाटली?"

मग बाई बोलायला लागल्या. एरवी परक्या माणसांत त्या दोन वाक्यांवर तिसरं बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की मास्तरही बघत राहिले. वळणं कशी एकाला एक लागून होती, धुकं कसं मध्येच आलं आणि गेलं, हे सांगता सांगता बाई म्हणाल्या, "आणि मग तो ट्रक आला."

मास्तरांचा घास हातातच राहिला. ट्रक? कुठला ट्रक?

"वरून खाली येत होता, लाकडं भरलेला. वळण अगदी चिंचोळं. त्याला मागे जाणं शक्यच नव्हतं, म्हणजे जायचं ते मलाच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. मी हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, रिव्हर्स टाकला आणि आरशात बघत बघत हळूहळू मागे घेतली. चांगली रुंद जागा येईपर्यंत. ट्रकवाल्याने जाताना मला हात केला हो. आणि हे सगळं चाललेलं असताना हे..." बाई मास्तरांकडे वळल्या. डोळ्यांत हसू मावत नव्हतं. ओठांवर आलेलं काहीतरी त्यांनी क्षणभर तसंच धरून ठेवलं, मग मागे घेतलं आणि म्हणाल्या, "हे आपले अगदी शांत बसले होते."

"शांत?" दंतवैद्य म्हणाला. "बायको दरीच्या काठाने गाडी मागे घेतेय, आणि मास्तर शांत? कमाल आहे तुमची."

 आपण झोपलेले असताना गाडी दरीच्या काठाने उलटी गेली, आणि आपल्याला पत्ता नाही. मास्तरांना भीती वाटली, शरम वाटली, आणि त्यावर पांघरूण घालायला जे पहिलं हाताला लागलं ते त्यांनी ओढलं.

"शांत कसला," ते हसून म्हणाले. "पाय होता ना माझा ब्रेकवर. आमच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. जिथे लागेल तिथे मी अलगद दाबतो. चालवणाऱ्याला वाटतं आपणच चालवली. सगळ्यांनाच वाटतं तसं."

दंतवैद्य खो खो हसला. "म्हणजे दात मी काढायचा आणि पेशंटने म्हणायचं मीच काढला!"

हसू पिकलं म्हणताना मास्तरांना चेव आला. त्यांनी पहिलवानाची गोष्ट सांगितली, वकिलाची सांगितली. पहिलवान गाडीतून उतरताना छाती कशी काढायचा, तेही करून दाखवलं. टेबल हसून हसून बेजार झालं.

"म्हणजे घाटात गाडी चालवली ती तुम्हीच म्हणायची," दंतवैद्याची बायको डोळे पुसत म्हणाली.

मास्तर हसले. नाही असं काही ते म्हणाले नाहीत.

बाई उठल्या. जग घेऊन त्यांनी सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं, दंतवैद्याच्या, त्याच्या बायकोच्या आणि मास्तरांच्याही. थेंबही सांडला नाही. मग जाग्यावर बसून त्यांनी पानातलं होतं तेवढं संपवलं.

जेवणानंतर मास्तर खोलीत गेले तर त्यांच्या उशीवर गाडीची किल्ली ठेवलेली होती. बाई खिडकीपाशी कपडे वाळत घालत होत्या.

"आता तुम्ही चालवा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना काही सुचलं असतं. राग घालवायच्या त्यांच्याकडे दोन-चार युक्त्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठच्या बाकावर मास्तरांनी धीर केला. "अगं, खरं सांगू? काल माझा पाय ब्रेकवर नव्हताच. मी झोपलो होतो. तो ट्रकही मी पाहिला नाही. सगळी गाडी तूच आणलीस."

बाई पाण्याकडे बघत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या.

"बरं काय? खरंच सांगतोय."

"बरं म्हटलं ना."

त्या 'बरं'ने मास्तरांचे पुढचे दिवस कुरतडले. त्यांनी आपल्या परीने त्याचा अर्थ लावला. आपण आयुष्यभर प्रत्येकाला हेच सांगत आलो, तुम्हीच थांबवलीत, तुम्हीच चालवलीत. ते खोटं असतं हे हिला ठाऊक आहे. आता आपण खरं सांगतोय तर तेही तिला तसलंच वाटणार. शिकाऊ माणसाला लावायचं मलम आपण बायकोला लावतोय, असं तिला वाटतंय. आपलीच कला आपल्या अंगलट आली.

उरलेली सुट्टी तशी चांगली गेली असं कुणीही म्हटलं असतं. तळ्यात होडी होती, संध्याकाळी गार वारा होता. परत येताना गाडी मास्तरांनी चालवली. बाई मागच्या सीटवर बसल्या. "मागे पाय लांब करता येतात," त्या म्हणाल्या. पाचवा गिअर मास्तरांनी टाकला, रेडिओही लावला. मागून कुणी गुणगुणलं नाही. घरी पोचल्यावर बाईंनी ती शिकाऊची पाटी ओल्या फडक्याने पुसून मास्तरांच्या हातात आणून दिली.

त्यानंतर बाईंनी गाडी चालवली नाही. भांडण नाही, अबोला नाही. सुट्टीच्या सकाळी त्या पिशवी घेऊन बसने भाजीला जायला लागल्या. "गर्दीत पार्किंग मिळत नाही," असं म्हणायच्या. बहिणीकडे जायचं तर मास्तरांनाच म्हणायच्या, सोडा. मास्तर किल्ली पुढे करायचे, बाई ती खिळ्याला अडकवायच्या. वर्षातून एखाद्या वेळी, विषय निघाला की मास्तर पुन्हा सांगायचे, "अगं, मी खरंच झोपलो होतो," आणि बाई म्हणायच्या, "बरं." मास्तरांचा पाय पुन्हा दाबला जायला लागला होता. घाटातल्यासारखी झोप त्यांना घरच्या बिछान्यावर कधी लागली नाही. त्यांनी उशा बदलून पाहिल्या, गादी बदलून पाहिली, आणि कशाने काही झालं नाही.

पुढे वय झालं. गुडघे बोलायला लागले, तेव्हा मास्तरांनी स्कूल एका जुन्या विद्यार्थ्याला देऊन टाकलं. गाडी पाटीसकट गेली. मग त्यांनी स्वतःसाठी एक लहानशी गाडी घेतली. दारात आणून उभी केली, बाईंना हाताला धरून बाहेर नेलं आणि शेजारच्या सीटचं दार उघडून दाखवलं. खाली नुसती रबरी चटई होती.

"बघ. काही नाही," मास्तर म्हणाले. "माझ्या बाजूला काहीसुद्धा नाही. आता कुणी काही म्हणू शकत नाही." आणि त्यांनी किल्ली पुढे केली. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेला क्षण होता तो. 

बाईंनी वाकून ती चटई पाहिली. "छान आहे गाडी," त्या म्हणाल्या. "पण माझं लायसन्स संपलं. कधीच संपलं. मी परत काढलं नाही."

"काढू की. सगळे ओळखीचे आहेत तिथे."

"आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कोण देणार? राहू दे."

मास्तर किल्ली हातात घेऊन दारात तसेच उभे राहिले. नव्या गाडीला वास येत होता, शेजारची मुलं काचेला नाक लावून बघत होती, आणि मास्तरांना रडू येत होतं. ते आत जाऊन तोंड धुऊन आले.

तरीही ते घाटावर गेले. मुलीनेच फोन करकरून पाठवलं. "नवी गाडी काय दारात पुजायला घेतलीत का, बाबा?" मास्तर चालवत होते, बाई या वेळी शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. मोठ्या रस्त्यावर रेडिओवर तसलीच जुनी गाणी लागली. पायथ्याशी त्यांनी चहा घेतला. टपरी आता पक्क्या बांधणीची झाली होती.

"इथून पुढे रेडिओ लागत नाही," मास्तर म्हणाले. "डोंगर आडवे येतात."

बाईंनी उरलेला चहा संपवला.

मास्तर जपून चालवत होते. एका वळणाला त्यांची नजर खाली गेली. बाईंचा उजवा पाय त्या रबरी चटईवर दाबला गेला होता. पुढच्या वळणालाही तसंच. मास्तरांचा पाय ब्रेकवर जायच्या जरासा आधी, जिथे जायला हवा बरोबर तिथे, तो पाय खाली जात होता आणि वळण संपलं की वर येत होता. बाईंचं लक्षही नव्हतं. त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या.  मास्तरांनी नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

आणि रेडिओ चालू होता. वळणामागून वळण गेलं, धुकं आलं आणि गेलं, पण गाणं काही तुटलं नाही. घाट संपला, तळं दिसलं, तरी रेडिओ आपला स्वच्छ गात होता.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. "अगं, त्या वेळी तर बंद पडला होता. मला जाग आली तेव्हा बंद होता."

"बंद पडला नव्हता," बाई म्हणाल्या. "मी बंद केला होता."

"का?"

"तुम्ही झोपला होतात ना. मोडली असती झोप."

मास्तर त्यांच्याकडे वळले. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"घोरत होतात की चांगले. ट्रकवाला खिडकीतून बघून हसलासुद्धा."

"मग मी इतकी वर्षं सांगतोय तेव्हा... मला वाटायचं, तुझा विश्वासच बसत नाही."

"मला काय सांगत होतात? मी तिथेच होते." बाईंनी रेडिओचा आवाज बारीक केला. "टेबलावर मी तेच सांगणार होते. मास्तर चक्क झोपले माझ्या शेजारी, भर घाटात. त्या ट्रकपेक्षा मला त्याचंच अप्रूप होतं. कुणाच्या शेजारी डोळा लागला नाही तुमचा कधी, आणि माझ्या शेजारी लागला. तोंडात आलं होतं माझ्या. मग वाटलं, नको, परके लोक आहेत. मास्तर घाटात झोपला म्हणून हसतील तुम्हाला. म्हणून गिळलं." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "मी तुमचं राखलं हो. तुम्ही माझं नाही राखलंत."

 चुकलं, असं मास्तर म्हणाले. दोनदा म्हणाले. बाईंनी मान हलवली. इतक्या वर्षांनी चुकलं हा शब्द फार लहान वाटत होता, आणि त्यापेक्षा मोठा शब्द मास्तरांपाशी नव्हता.

"मला बाकावर सांगून काय उपयोग," बाई म्हणाल्या. "तिथे सांगायचं होतं. चला आता, ऊन चढतंय."

गेस्ट हाउस तेच होतं, पण मालक बदलला होता. लांब टेबल गेलं होतं, त्या जागी छोटी छोटी टेबलं आली होती. काउंटरवर एक तरुण मुलगी कॉम्प्युटरवर काही भरत होती. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले. बाई मागे सामानापाशी होत्या. मास्तरांनी घसा साफ केला.

"आम्ही पूर्वी एकदा आलो होतो इथे," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. "तेव्हा ह्यांनी गाडी चालवली होती. माझ्या बायकोने. सगळा घाट. समोरून ट्रक आला तर दरीच्या काठाने मागे घेतली गाडी. आणि मी, ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, शेजारी झोपलो होतो. घोरत होतो."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एक माणूस कोपऱ्यात काच पुसत होता, त्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागला.

"अरे वा," मुलगी कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाली. मग तिने छानसं हसून बाईंकडे पाहिलं. "आज पण मॅडमच चालवत आल्या का?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी पूर्वी चालवायचे." आणि त्यांनी काउंटरवरची खोलीची किल्ली उचलली.